स्तनलघुकरण शस्त्रक्रिया : रुग्णेला काय सांगावे?

स्त्रीरुग्णेच्या ज्या तक्रारी चिकित्सालयात सहसा शब्दांत मांडल्या जात नाहीत, त्यांत स्तनांच्या अतिभाराची तक्रार अग्रभागी ठेवावी लागेल. रुग्णा येते ती मानेच्या, खांद्याच्या वा पाठीच्या दुखण्यासाठी. आपण मन्यास्तंभ, अवबाहुक वा विश्वाची असे निदान नोंदवतो. अभ्यंग, स्वेदन, नस्य आणि गुग्गुळकल्प योजतो. आठवडाभर बरे वाटते आणि महिन्याभराने रुग्णा तेच दुखणे घेऊन पुन्हा समोर बसते. तिच्या परवानगीने आणि स्त्री-परिचारिकेच्या उपस्थितीत खांद्यावरचा पदर बाजूला करून पाहिले, तर अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या खोल चऱ्या दिसतात. स्तनाखालच्या घडीत कंडू, स्राव आणि काळवंडलेली त्वचा आढळते. विचारल्यावर कळते की करंगळीकडच्या बोटांना मुंग्या येतात, झपझप चालणे जमत नाही, आणि चार माणसांत वावरताना पाठीला बाक काढून, ओढणी वा पदर पुढे ओढून चालण्याची सवय शाळेच्या वयापासून जडलेली आहे. वात प्रकुपित झाला हे खरेच. परंतु तो कशाने, हे पाहावयाचे राहून गेलेले असते.

अलीकडे अशी रुग्णा आणखी एक प्रश्न घेऊन येते. "छाती कमी करण्याचे ऑपरेशन असते म्हणे. करावे का?" प्लास्टिक सर्जनकडे जाण्याआधी ती हा प्रश्न आपल्याला विचारते, कारण आपण तिच्या घरचे वैद्य असतो आणि इतक्या संकोचाचा विषय अनोळखी माणसापुढे काढणे तिला जड जाते. 'नसती उठाठेव कशाला' हे उत्तर अन्यायाचे आहे आणि 'करून टाका' हे अपुरे आहे. या शस्त्रक्रियेने काय मिळते, काय द्यावे लागते आणि कोणत्या क्रमाने काय घडते, हे तिला आपल्याकडून नीट कळावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रथम शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन करताना नितंब व उदर यांच्याबरोबर स्तनांचाही उल्लेख केला आहे. मेद व मांस यांच्या अतिवृद्धीशी स्तनांच्या आकाराचा संबंध त्यांना ज्ञात होता, हे उघड आहे. सुश्रुताचार्यांनी स्तन्यवृद्धीच्या लक्षणांत स्तनांचे पुष्टत्व सांगितले. त्यांच्या निदानस्थानात येणारे पाच स्तनरोग मात्र विद्रधीसदृश लक्षणांचे आहेत. निव्वळ भाराने पीडित झालेल्या स्त्रीचा विचार तेथे नाही. शिवाय ही स्त्री नेहमी स्थूल असतेच असे नाही. कित्येक मुलींत यौवनारंभी स्तनांच्या ऊती स्त्री-संप्रेरकांना अतिरिक्त प्रतिसाद देतात आणि कृश देहयष्टीवरही वर्ष-दोन वर्षांत असह्य भार चढतो. क्वचित गर्भावस्थेतही अशी अतिशीघ्र वृद्धी होते.

मग औषधाचे काय? येथे आपण स्वतःशी प्रामाणिक असले पाहिजे. रुग्णा स्थूल असेल तर लंघन, लेखन द्रव्ये व व्यायाम यांनी वजन उतरते आणि स्तनांतील मेदाचा अंशही काही प्रमाणात उतरतो. म्हणून हा उपक्रम आधी करावा, त्याचा पुढे शस्त्रक्रियेतही लाभ होतो. परंतु ज्या स्तनांत ग्रंथिल व तंतुमय ऊतीचे प्राबल्य आहे, त्यांवर लेप, तैल, उद्वर्तन वा गुग्गुळकल्पांनी लक्षणीय फरक पडत नाही. वजन उतरूनही पुष्कळदा स्तन तेवढाच राहतो, वर त्वचा सैल होऊन तो अधिक लोंबतो. स्तन सुडौल करण्याची तेले व मलमे यांच्या जाहिराती आपल्या शास्त्राच्या नावावर सर्रास चालतात. औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात स्त्रीच्या स्तनांचा आकार व घडण यांचा स्पष्ट समावेश आहे, म्हणजे असल्या दाव्यांची जाहिरात हा गुन्हाच आहे. हे आपल्या व्यवसायबंधूंपैकी किती जणांच्या ध्यानात आहे, याविषयी आम्हांस शंका वाटते.

प्लास्टिक सर्जरीचा विषय निघाला की आपल्या सभा-संमेलनांतून सुश्रुताच्या नासासंधानाचा गौरव होतो. पुण्यात कावसजीच्या तुटलेल्या नाकावर झालेल्या शस्त्रकर्माचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला, पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी त्याच पद्धतीने तेथे शस्त्रक्रिया केली, हेही सांगितले जाते. हा अभिमान रास्त आहे. पण समोर बसलेल्या रुग्णेच्या खांद्यावरची चरी त्याने भरून येत नाही. तिला उपयोग आहे तो त्याच सुश्रुताने लावून दिलेल्या शिस्तीचा : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. आम्ही रुग्णेला माहिती देतो ती याच क्रमाने.

पूर्वकर्मात पहिला प्रश्न काळाचा. मुलीच्या स्तनांची वाढ थांबून काही काळ स्थिर झाल्याशिवाय शस्त्रक्रिया करीत नाहीत. अन्यथा उरलेली ऊती पुन्हा वाढण्याचा संभव असतो. अंगावर पाजणाऱ्या मातेने स्तन्य पूर्ण बंद झाल्यावर काही महिने थांबावे. वजन ज्या पातळीवर राहणार आहे त्या पातळीवर आधी आणावे. मधुमेह असल्यास रक्तशर्करा आटोक्यात हवी. चाळिशी ओलांडलेल्या वा घराण्यात स्तनार्बुदाचा इतिहास असलेल्या स्त्रीची मॅमोग्राफी, तर तरुणीत गरजेनुसार सोनोग्राफी आधी करून घेतात. काढलेली ऊतीही पुढे सूक्ष्मदर्शक तपासणीस पाठवली जाते, कारण क्वचित त्यात अनपेक्षित विकृती सापडते. शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. वा तत्सम पदवी असलेल्या सर्जनकडूनच करवून घ्यावी. मुंबईची के.ई.एम., नायर, शीव व जे.जे. ही रुग्णालये, तसेच नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, हे ग्रामीण रुग्णेला ठाऊक नसते, ते सांगावे. आरोग्यविम्यात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. म्हणून मानदुखी, त्वचाविकार व पूर्वी घेतलेले उपचार यांच्या आपल्या जुन्या नोंदी रुग्णेला लिहून द्याव्यात. वैद्यकीय आवश्यकता सिद्ध करताना त्या उपयोगी पडू शकतात.

दुसरी गोष्ट मशेरीची. तंबाखूतील निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा संकोच करते, आणि या शस्त्रक्रियेत स्तनाग्राचे जीवन अशाच थोड्या वाहिन्यांवर अवलंबून असते. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला आपल्याकडची स्त्री निःसंकोच 'नाही' म्हणते. कारण सकाळी दातांना लावलेली मशेरी ती तंबाखूत धरीत नाही. सर्जनच्या छापील प्रश्नावलीत मशेरी असेलच असे नाही. हा प्रश्न आपणच नाव घेऊन विचारला पाहिजे. मशेरी, तपकीर, तंबाखू-चुना, सारे शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे व नंतरही तितकेच दिवस संपूर्ण बंद हवे.

तिसरी गोष्ट थेट आपल्या औषधांची. लसूण, सुंठ, हरिद्रा व गुग्गुळ यांच्या औषधी मात्रांचा रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम संभवतो. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम उतरते. अश्वगंधादी द्रव्ये भुलीच्या औषधांची गुंगी वाढवू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पोटात घेण्याचे आपले सर्व कल्प थांबवावेत, आणि आजवर काय काय दिले त्याची द्रव्यांच्या नावांसह व मात्रेसह यादी भूलतज्ज्ञाच्या नावे स्वाक्षरीनिशी द्यावी. रुग्णा 'आयुर्वेदिक काहीतरी घेते' एवढेच सांगते, आणि कित्येकदा तेही भीतीने सांगत नाही. पुडीत बांधून दिलेल्या औषधावर नाव नसेल तर भूलतज्ज्ञाने काय समजावे? अ‍ॅस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या व इतर आधुनिक औषधांविषयी मात्र निर्णय सर्जनने घ्यावा. ती आपण परस्पर बंद करू नयेत.

प्रधानकर्म संपूर्ण भुलीखाली सुमारे दोन ते चार तास चालते. रुग्णेची मोठी धास्ती अशी की स्तनाग्र कापून वेगळे करतात. बहुतेक वेळा तसे होत नाही. रक्तवाहिन्या व नाड्यांसह ऊतीचा एक देठ राखला जातो, त्या देठासह स्तनाग्र वरच्या, योग्य पातळीवर नेले जाते आणि भोवतालची जादा ऊती व त्वचा काढून उरलेल्याला नवा आकार देतात. अमेरिकेतील रॉबर्ट वाइज यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या आराखड्याने स्तनाग्राभोवती गोल, तेथून खाली उभा आणि स्तनाखालच्या घडीत आडवा, अशी नांगराच्या आकाराची व्रणरेषा राहते. हा नांगर जहाजाचा. पुढे बेल्जियममध्ये मॅडलेन लेजूर आणि कॅनडात एलिझाबेथ हॉल-फिंडले या शल्यविशारद स्त्रियांनी आडवी रेषा टाळणाऱ्या किंवा आखूड करणाऱ्या उभ्या पद्धती रूढ केल्या. स्तन फारच मोठा व लोंबता असेल तर देठ इतका लांब होतो की रक्तपुरवठ्याचा भरवसा उरत नाही. तेव्हाच स्तनाग्र अलग करून त्वचारोपणाप्रमाणे पुन्हा बसवतात. त्यात संवेदना व स्तन्यपान या दोहोंची आशा बहुतांशी सोडावी लागते. किती ऊती काढावी याचा विचार देहाच्या मानाने होतो. पॉल श्नर या सर्जनने १९९१ मध्ये शरीराच्या पृष्ठभागाशी त्याचे प्रमाण बसवले. लहान चणीच्या स्त्रीला थोड्या वजनानेही मोठा आराम पडतो, एवढे त्यातून आपण घ्यावे.

काही व्यवसायबंधू मर्मांविषयी विचारतात. स्तनमूल व स्तनरोहित ही मर्मे या प्रदेशात येतात आणि दोन्ही कालांतरप्राणहर आहेत, हे खरे. परंतु त्यांच्या विद्धतेची जी लक्षणे सुश्रुताने सांगितली, कफाने वा रक्ताने कोष्ठ भरून येणारे कास-श्वास, ती वक्षाच्या आत पोचलेल्या आघाताची आहेत. हे शस्त्रकर्म छातीच्या स्नायूंवरील आवरणाच्या वरच थांबते. मर्माचे नाव घेऊन रुग्णेला भिवविण्याचे कारण नाही.

आता पश्चात्कर्म. रुग्णा बहुधा त्याच दिवशी वा एक-दोन दिवसांत घरी येते, कधी स्राव वाहून नेणारी बारीक नळी लावलेली असते. पहिले तीन-चार दिवस ठणका व ताण असतो, तो गोळ्यांनी आवरतो. विशेष आधाराचे अंतर्वस्त्र कित्येक आठवडे अहोरात्र घालावे लागते, उताणे निजावे लागते. हलके काम करणारी स्त्री दोन-तीन आठवड्यांत कामावर जाऊ शकते. पण पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, कडेवरचे मूल हे चार ते सहा आठवडे वर्ज्य. आमच्या अनुभवात हीच अट सर्वांत आधी मोडते. घरची माणसे रुग्णा हिंडती-फिरती दिसली की बरी झाली असे समजतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पतीला आणि सासूबाईंना समोर बसवून हे सहा आठवडे मोजून सांगावेत. व्रणितोपासनीय अध्यायात सुश्रुताने व्रणिताची शय्या, आहार, आचार, एवढेच काय पण भोवतीची प्रिय बोलणारी माणसे यांचाही विचार केला आहे. तो अध्याय या कामी पुन्हा वाचण्यासारखा आहे.

पहिल्यांदा पट्टी उघडल्यावर दिसणाऱ्या रूपाची कल्पना मात्र आधी द्यावी. स्तन सुजलेले, फार वर चढलेले, चौकोनी भासणारे, निळसर डाग पडलेले असतात. दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसत नाहीत. काही स्त्रियांना पहिल्या पंधरवड्यात उगाच रडू येते. हा आकार खरा नव्हे. तो खाली उतरून स्थिर व्हायला तीन महिने आणि अंतिम रूप यायला सहा महिन्यांपासून वर्ष लागते.

सर्वांत अधिक आढळणारा उपद्रव म्हणजे उभी व आडवी रेषा जेथे मिळते त्या सांध्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात व्रण उकलणे. त्वचेचे पदर तेथे एकत्र येतात, ताण मोठा आणि रक्तपुरवठा बेताचा. बहुतेक वेळा साध्या ड्रेसिंगने काही आठवड्यांत ते भरून येते. पण शहरातला सर्जन लांब आणि आपण जवळ, म्हणून रुग्णा येते ती आपल्याकडे. जात्यादि तैलाच्या व्रणरोपण गुणाविषयी आमच्या मनात आदर आहे. तरीही सर्जनला दूरध्वनीवर विचारल्यावाचून त्या उघड्या व्रणावर तैल, लेप वा हळद लावू नये. शेकाविषयी तर विशेष जपावे. शस्त्रक्रियेनंतर त्वचा कित्येक महिने बधिर असते. गरम पाण्याची पिशवी वा वालुकापोट्टली किती तापली आहे हे रुग्णेला कळतच नाही आणि भाजल्यावर फोड उठलेला दिसतो तेव्हा समजते. वक्षप्रदेशी अभ्यंग व स्वेदन सर्जनने अनुमती देईपर्यंत नको.

खालील लक्षणांत मात्र घटकाभरही थांबू नये : एक स्तन एकाएकी फुगून घट्ट व फार दुखरा होणे, स्तनाग्र काळे-निळे पडणे, ताप व दुर्गंधी स्राव, एका पोटरीला सूज वा अकस्मात धाप लागणे. यांतली पहिली दोन बहुधा पहिल्या काही दिवसांत आणि शेवटची घरी परतल्यावरही उद्भवू शकते.

व्रणवस्तूविषयी भारतीय रुग्णेशी अधिक स्पष्ट बोलावे लागते. रेषा कायमच्या राहतात. पहिले काही महिने त्या लाल, उंच, खाजऱ्या असतात, वर्षभराने फिकट होतात. पण आपल्या वर्णाच्या त्वचेत त्या गडद राहण्याची वा केलॉइड होण्याची प्रवृत्ती अधिक. कानाच्या पाळीला, देवीच्या लशीच्या वा जुन्या टाक्यांच्या जागी तसा उंचवटा आला होता का, हे पाहून सर्जनला आधीच कळवावे. व्रण पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनच्या पट्ट्या व मर्दन यांचा उपयोग होतो, उन्हापासून तो भाग झाकावा.

स्तन्यपानाचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण खरी घालमेल तेथे होते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या रुग्णांपैकी एक सव्वीस वर्षांची, अविवाहित, शाळेत शिकविणारी. फळ्यावर लिहिताना हात वर धरवत नसे. मानेचा एक्स-रे निर्दोष. आईचा एकच प्रश्न : "उद्या लग्न झाल्यावर लेकराला पाजता येईल का?" मुलगी म्हणाली, "आई, मला आज उभे राहता येत नाही." आम्ही दोघींना सारखेच उत्तर दिले. स्तनाग्राखालील ऊतीचा स्तंभ अखंड राखणाऱ्या पद्धतीने शस्त्रक्रिया झाली तर पाजता येण्याची शक्यता चांगली असते, पण दूध पुरेसे येईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. कित्येक मातांना वरचे दूध जोडावे लागते. स्तनाग्राची संवेदना बहुतेकींत काही महिन्यांत परतते, काहींत कमी राहते, थोड्यांत कायमची जाते. बाळंतपणाने आकारही पुन्हा बदलू शकतो. हे सारे ऐकून त्या मुलीने दोन महिने विचार केला, सर्जनला दोनदा भेटली आणि मग शस्त्रक्रिया करवून घेतली. आणखी कोणी असेच ऐकून बाळंतपणे होईपर्यंत थांबेल, आणि तेही तितकेच योग्य असेल. वैद्याने पारडे कोणत्याही बाजूस दाबू नये. विवाहाची चिंता आईने केली तर समजू शकते. तीच चिंता वैद्याने सल्ल्यात मिसळणे आम्हांस अप्रशस्त वाटते.

लाभाविषयी हात आखडता घेण्याचे कारण नाही. खांद्यावरचा व मानेवरचा ताण पुष्कळ जणींत टाके निघण्याआधीच हलका होतो, घडीतील त्वचाविकार मिटतो, श्वास मोकळा वाटतो, व्यायाम जमू लागतो. प्लास्टिक सर्जरीतील ज्या शस्त्रक्रियांनंतर रुग्णा अतिशय समाधानी असतात, त्यांत हिची गणना होते. मात्र मानेच्या मणक्यांची झीज स्वतंत्रपणे झाली असेल तर तिचे दुखणे राहते. त्यासाठी आपली ग्रीवाबस्ती आणि नस्य आहेच, व्रण भरल्यावर.

पुढे वजन वाढले तर स्तनही वाढतात, म्हणून पथ्य सुटता कामा नये. शस्त्रक्रियेनंतर स्तनात कधी घट्ट गाठ लागते, ती मेदाच्या मृत ऊतीची असू शकते. तरीही तसे गृहीत न धरता तपासणीस पाठवावे. चाळिशीनंतर मॅमोग्राफी करताना पूर्वी शस्त्रक्रिया झाल्याचे रुग्णेने आवर्जून सांगावे, कारण जुन्या व्रणातील चुन्याचे कण छायाचित्रात वेगळे दिसतात. आम्ही तिच्या कागदावर शस्त्रक्रियेचे वर्ष, पद्धती आणि कोणत्या बाजूची किती ग्रॅम ऊती काढली, एवढे लिहून तो कागद तिच्याच हाती देतो.